कार्बोरेटर शेवटी उघडावा

जुनी पेट्रोल गाडी मिसिंग करायला लागली की मालकाचं बोट पहिल्यांदा कार्बोरेटरकडे जातं. त्याला कारणही आहे. इंजिनावरची ती एकच वस्तू अशी की तिचे स्क्रू बाहेरून दिसतात, ते पिळले की आवाज लगेच बदलतो, आणि आवाज बदलला की काहीतरी दुरुस्त झालं असं वाटतं. कासूला महामार्गालगतच्या माझ्या गॅरेजमध्ये अशी गाडी येते तेव्हा तिचा कार्बोरेटर बहुतेक वेळा माझ्याआधी कुणीतरी उघडलेला असतो. स्क्रूच्या खाचा खाल्लेल्या असतात, जेटमध्ये तार घालून भोक मोठं केलेलं असतं आणि मूळ दोष होता तिथेच असतो. जेटचं भोक एकदा मोठं झालं की ते परत लहान होत नाही. कार्बोरेटर शेवटी उघडावा, हे मी शिकाऊ पोरांना रोज सांगतो ते यासाठीच.

गणपतीच्या आधी हमरापूर भागातल्या एका मूर्तिकार कुटुंबाची महिंद्रा एफसी-१५० माझ्याकडे आली. हा ट्रक आजच्या पोरांनी पाहिलेला नसतो. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिस जीप जोडायला घेतल्या आणि १९६५ च्या सुमारास याच घराण्यातला हा पेट्रोल पिकअप आणला. याला पुढे नाक नाही. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मधोमध एका झाकणाखाली बसवलेलं. झाकण उचललं की ड्रायव्हर एका बाजूला, मिस्त्री दुसऱ्या बाजूला आणि चालू इंजिन दोघांच्या मध्ये. दोष शोधायला याहून चांगली बैठक नाही. इंजिन विलिसचं हरिकेन, २१९९ सीसी, चार सिलिंडर. इनलेट वॉल वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट वॉल खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची वेगळी रचना. महिंद्रांनी १९७९ मध्ये प्यूजो कंपनीशी डिझेल इंजिनाचा करार केला, आणि पुढच्या काळात डिझेल स्वस्त पडतं म्हणून अनेक गाड्यांतली पेट्रोल इंजिनं उतरली. हे इंजिन वाचलं, कारण वर्षातून थोडेच दिवस, मूर्ती न्यायला, गाडी बाहेर निघायची.

मालक वयस्कर. म्हणाले, "मिस्त्री, कार्बोरेटरच नवा टाका. तीन जणांनी साफ केला, फरक नाही."

"काका, कार्बोरेटरचं नंतर बघू. आधी सांगा, कधी हलते? उभी असताना की चालताना? थंड असताना की तापल्यावर? रिकामी की भरलेली?"

अर्धं निदान या प्रश्नांतच होतं. उभ्या गाडीत इंजिन थरथरतं आणि रेस दिली की सुरळीत होतं, तर संशय हवेच्या गळतीवर, स्लो रनिंगच्या वाटेवर किंवा टाइट वॉलवर. उभी असताना छान आणि चढावर भरलेली असताना झटके, तर पेट्रोल कमी पोचतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. भार आला की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. रिकाम्या गाडीत जी कॉइल पुरते ती सुकेळी खिंडीच्या चढावर हात वर करते. तापल्यावरच त्रास असेल तर कंडेन्सर आणि कॉइल आधी तपासायची. काका म्हणाले, दोन्ही होतं. उभी असताना हलते आणि चढावर झटकेही देते. हे ऐकलं की सावध व्हायचं, कारण दोन लक्षणांना एकच कारण असेल असं धरून चाललं तर दिवस फुकट जातो.

सुरुवात ठिणगीपासून. पॉइंटचा गॅप वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगचा गॅप तीस थाऊ. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर कानस मारून काही दिवस निघतात, पण खड्डे वारंवार पडत असतील तर कंडेन्सर बघायचा. डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट बोटाने आडवा हलवून पाहायचा. बुश झिजलं असेल तर फिलर गेजने कितीही नीट गॅप लावा, इंजिन फिरताना तो प्रत्येक सिलिंडरला वेगळा होतो. हे पाहण्याचे कष्ट फार थोडे जण घेतात.

मग इंजिन चालू ठेवून, इन्सुलेशनच्या पकडीने प्लगची एकेक वायर काढायची. वायर अधांतरी ठेवायची नाही, टोक लगेच इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं, नाहीतर कॉइलवर ताण येतो. जो सिलिंडर काम करतोय त्याची वायर काढली की इंजिन खचतं. खचलं नाही, तर तोच सिलिंडर आळशी. या गाडीत चारही वेळा इंजिन सारखंच खचलं. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नव्हता, चौघांचा सामाईक होता. कॉम्प्रेशन घेतलं, चारही आकडे दहा पौंडांच्या आत. टॅपेट थंड इंजिनावर पाहिले, इनलेटला अठरा थाऊ आणि एक्झॉस्टला सोळा. एक्झॉस्टचा गॅप मी दोनदा बघतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचं पेट्रोल आलं. ज्या जुन्या इंजिनांच्या वॉल सीट मऊ लोखंडाच्या आहेत, त्यांना शिशाचा जो पातळ आधार मिळायचा तो गेला. तिथे सीट झिजून वॉल आत बसत जातो, गॅप बुजतो, वॉल पूर्ण मिटत नाही, आणि उभ्या गाडीत इंजिन थरथरतं. लोक कार्बोरेटर पिळत बसतात. इथे गॅप जागेवर होता.

आता हवा. माझी सगळ्यात आवडती चाचणी बिनखर्चाची आहे. एअर फिल्टर काढून, इंजिन स्लोवर ठेवून, चोक हळूहळू अर्धा मिटायचा. इंजिन सुधारलं तर मिश्रण पातळ आहे. बिघडलं, काळा धूर आला, तर आधीच जाड आहे. चोक मिटल्यावर काकांचं इंजिन एकदम शांत झालं. म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त, आणि तीन मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केलेला. मग ही हवा कुठून आत जात होती? हरिकेनला इनलेट मॅनिफोल्ड वेगळा नाही, तो हेडमध्येच ओतलेला आहे आणि कार्बोरेटर थेट हेडवर बसतो. गळायच्या जागा थोड्याच. बुडाचं पॅकिंग चांगलं होतं. मग थ्रॉटलचा शाफ्ट दोन बोटांत धरून वर उचलला, तसा इंजिनाचा वेग बदलला. शाफ्ट आणि बॉडीच्या फटीवर जाड इंजिन ऑइलचा थेंब सोडला. ऑइलने फट बुजलेली होती तोवर काही क्षण इंजिन घड्याळासारखं चाललं आणि पुन्हा हलायला लागलं. काहीजण ही परीक्षा पेट्रोल शिंपडून करतात. ते करू नये. एफसीत तर इंजिन केबिनच्या आत आहे आणि एक्झॉस्ट हातभर अंतरावर तापलेला असतो.

शाफ्ट का झिजला, याचं उत्तर आमच्या रस्त्यात आहे. पळस्पे ते इंदापूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ ला सुरू झालं आणि त्यानंतर वर्षानुवर्षं या पट्ट्याने धूळ खाल्ली आहे. या गाड्यांचा एअर फिल्टर तेलाच्या भांड्याचा. भांड्यातलं तेल वेळेवर बदललं तर तो फार चांगलं काम करतो. तेल आटून चिखल झाला की धूळ थेट आत जाते. फिल्टर गळत असेल तर थ्रॉटलच्या शाफ्टपासून पिस्टनच्या रिंगपर्यंत सगळं घासलं जातं.

कार्बोरेटर नवा मिळेना, आणि त्याची गरजही नव्हती. लेथवर दोन पितळी बुश काढून घेतले, बॉडी सरळ रेषेत रीम करून ते बसवले आणि शाफ्टही नवा वळवून घेतला. हे काम घाईचं नाही. दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत नसली तर फुलपाखरू अडकतं आणि अडकलेला थ्रॉटल घाटात जीव घेऊ शकतो. चांगला लेथवाला ही जुन्या गाड्यांची खरी संपत्ती आहे, आणि तोही आता कमी होत चालला आहे.

स्लो रनिंग बसलं. मग गाडी भरली आणि नागोठण्याहून वाकणमार्गे सुकेळीला नेली. चढावर झटके होतेच. परत आणून अंधार पडायची वाट पाहिली, शेडचे दिवे बंद केले, इंजिन चालू ठेवून झाकण उघडलं आणि वायरींवर स्प्रेने पाण्याचं बारीक धुकं मारलं. डिस्ट्रिब्यूटर कॅपवर निळी रेघ सरपटताना दिसली. कॅपला केसाएवढा तडा होता. आमच्याकडे पावसाळा तीन हजार मिलिमीटरच्या घरातला, आणि पश्चिमेला खारेपाट, खाडी आणि मिठागरं. ओल आणि मीठ एकत्र आलं की तड्यातून वीज वाट काढते, प्लगपर्यंत पोचतच नाही. कोरड्या दुपारी ही कॅप हातात घेतली तर धडधाकट दिसते. कॅप, रोटर आणि वायरींचा संच बदलला, झटके गेले.

राहिलं पेट्रोल. इथे मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. जून २०२२ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉलचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचं विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोचलं. साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला सुमारे साडेतेरा पट. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून पेट्रोलचं प्रमाण स्वतः वाढवते. कार्बोरेटरला ते कळत नाही. त्याचा जेट साठ वर्षांपूर्वीच्या पेट्रोलसाठी कापलेला आहे, म्हणून नवं पेट्रोल घातलं की मिश्रण आपोआप पातळ होतं. शिवाय इथेनॉल जुनी रबरं मऊ करतं. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम, नळ्या, नीडलचं टोक यांना ते सोसत नाही. ओल ओढून घेतं आणि पाण्याचं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी गणपतीला निघत नाही, तेव्हा फिल्टरच्या काचेच्या वाटीत खाली पाहा, तो थर डोळ्यांना दिसतो. इंधनाच्या धोरणावर माझी हरकत नाही. पण जुन्या गाडीच्या मालकाला पंपावर कुणीतरी हे सांगायला हवं होतं.

यानंतर, आणि यानंतरच, मी काकांच्या गाडीचा कार्बोरेटर ट्यूनिंगसाठी हातात घेतला. फ्लोटची उंची मोजली, नीडल आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा घातला, तार घालून बिघडवलेला मेन जेट काढून मूळ मापाच्या एक नंबर वरचा बसवला. व्हॅक्यूम गेज लावला. आम्ही समुद्रसपाटीजवळ आहोत, त्यामुळे निरोगी इंजिनाची सुई अठरा-वीस इंचांवर स्थिर राहायला हवी. मिश्रणाचा स्क्रू सुई सर्वात वर जाईल तिथे थांबवला. सुकेळी पुन्हा चढलो, वर पोचताच इंजिन बंद केलं आणि गाडी बाजूला घेऊन प्लग काढले. चारही कॉफीच्या रंगाचे.

मूर्ती वेळेवर गेल्या. टाकी मात्र आतून गंजली आहे. ती उतरवून, धुऊन, आतून लेप द्यायचा आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की गाडी घेऊन या, असं काकांना सांगून ठेवलं आहे.