एका प्रश्नापुरता वकील

आमच्याकडे कागद म्हटला की मध्ये माणूस लागतोच. लायसन्स काढायचे तर आरटीओबाहेरचा एजंट, खरेदीखत करायचे तर स्टॅम्पवाला, टोमॅटो विकायचे तर नारायणगावच्या मार्केटात आडत्या. त्यात वाईट काही नाही. आडत्याचा आणि आपला हिशेबावरून वाद झाला तरी तो उद्या सकाळी त्याच गाळ्यावर सापडतो. त्यामुळे माझ्या भाच्याने (भावाच्या मुलाने) कॅनडात कायम राहण्यासाठी अर्ज करायचे ठरवले तेव्हा घरात "जावे का?" हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. "कोणाला गाठायचे?" हा मात्र महिनाभर चालला!

मुलगा हुशार. आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीच्या शासकीय इंजिनिअरिंग कॉलेजातून २०१३ साली बाहेर पडला, तेव्हापासून चाकणला नोकरी. आता चौतीस पूर्ण आहे. लग्नाचा विषय मी इथे काढत नाही, तो वेगळा लेख होईल. असो.

पुण्यातल्या एका एजंटाने अडीच लाख सांगितले. "सगळे आमच्यावर सोडा." भाऊ लगेच तयार! मी म्हटले, थांब, आधी ते काम काय आहे ते बघू तरी. नोकरीभर शासनाची परिपत्रके वाचली, पेन्शनचे कागद स्वतः केले. इंग्रजी जाडेभरडे असले तरी वाचता येते. भाच्याला शेजारी बसवून कॅनडा सरकारची पाने वाचायला घेतली.

आणि खरे सांगते, भीती बरीचशी गेली. कॅनडाने परदेशी लोकांना गुण देऊन निवडायची पद्धत १९६७ सालीच सुरू केली. जानेवारी २०१५ पासून तिला 'एक्सप्रेस एंट्री' नावाच्या ऑनलाइन रांगेची जोड मिळाली. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे मिळून १२०० पैकी गुण. हे गुण वकील वाढवू शकत नाही. आयईएल्टीएसची परीक्षा मुलालाच द्यायची आहे. पदवीची तपासणी करून घ्यायची, तर गुणपत्रकांचा उतारा विद्यापीठाकडूनच जावा लागतो (पदवीवर 'पुणे विद्यापीठ', उताऱ्यावर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ', कारण २०१४ साली नाव बदलले. पण ते त्यांना ठाऊक असते). अनुभवाचे पत्र कंपनीनेच द्यायचे, त्यात हुद्दा, पगार, आठवड्याचे तास आणि प्रत्यक्ष काम काय केले ते हवे. मग एजंट करणार काय? आपण दिलेले कागद चढवणार! त्याचे अडीच लाख? सरकारची स्वतःची फी एप्रिल २०२४ च्या दराने ९५० आणि ५७५ मिळून १५२५ डॉलर होती.

पूर्वी कॅनडातल्या नोकरीचे पत्र असले की जादा गुण मिळत, म्हणून अशी पत्रे विकणारेही निघाले. २५ मार्च २०२५ पासून ते गुणच काढून टाकले. तरी या एजंटाने "नोकरीचे पत्रही बघू" म्हणून वर वेगळा आकडा सांगितला, तेव्हा मला काय समजायचे ते समजले.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. तिकडच्या कायद्याप्रमाणे या कामाचे पैसे कोणीही घेऊ शकत नाही. तिकडच्या एखाद्या प्रांताच्या लॉ सोसायटीचा सभासद असलेला वकील, क्यूबेकचा नोटरी, किंवा 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स'चा परवाना असलेला सल्लागार, एवढ्यांनाच अधिकार. या कॉलेजची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, नाव घालून बघता येते. आम्ही एजंटाचे नाव घातले. नव्हते.

इथपर्यंत सगळे सरळ होते. वकीलही नको, एजंटही नको, मुलगा आपला अर्ज आपण भरेल. पण अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही कधी, कोणत्याही देशात, गुन्हा केला आहे का, अटक झाली आहे का, आरोप ठेवला गेला आहे का, शिक्षा झाली आहे का?

आता जुन्नर-आंबेगावच्या माणसांना मी काय वेगळे सांगू! बांधाचे भांडण नाही असे घर दाखवा. २०१३ च्या उन्हाळ्यात माझ्या माहेरी, जुन्नर तालुक्यात, भाऊबंदांनी बांध कोरल्यावरून मारामारी झाली. पोलिसांत तक्रार झाली की घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे पडतात, त्याप्रमाणे परीक्षा संपवून घरी आलेल्या या मुलाचेही नाव पडले. तो सोडवायला मध्ये पडला होता असे आमचे लोक म्हणतात. समोरचे वेगळे म्हणतात. भारतीय दंड संहितेची कलमे ३२३, ५०४ आणि ४४७, म्हणजे मारहाण, शिवीगाळ आणि दुसऱ्याच्या जमिनीत घुसणे. तीन वर्षे तारखा झाल्या आणि २०१६ साली लोकअदालतीत तडजोड झाली. आता दोन्ही घरे एकमेकांच्या लग्नात जेवतात.

एजंट म्हणाला, "नाही लिहा. मिटलेली केस आहे, तिकडे कोण बघतंय?" आणि दुःखाची गोष्ट म्हणजे भाऊही तेच म्हणाला. "मिटलेलं कशाला उकरायचं, ताई?" भाचा गप्प. पस्तिसावा वाढदिवस आला की त्याचे वयाचे गुण ८३ वरून ७७ वर येतात. त्याला उशीर नको होता आणि "हो" लिहिल्याने सगळेच बुडेल अशी भीतीही होती.

मी मात्र इथे हटले. तिकडच्या कायद्यात खोटी किंवा लपवलेली माहिती सापडली तर पाच वर्षांची बंदी आहे, आणि सही अर्जदाराची असते, एजंटाची नव्हे. २०२३ साली कॅनडात पंजाबची मुले रस्त्यावर बसली होती ती आठवतात? एजंटाने दिलेली कॉलेजची प्रवेशपत्रे खोटी निघाली आणि देश सोडायच्या नोटिसा मुलांना आल्या. पुढे सरकारने एकेक प्रकरण तपासायचे ठरवले, पण मधले महिने त्या मुलांनी कसे काढले असतील...

तर वकील हवा होता तो या एका प्रश्नापुरता. भाऊ म्हणाला, जुन्नरचे आपले वकील आहेतच. त्यांनी काम चोख केले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२० प्रमाणे अशी तडजोड म्हणजे निर्दोष सुटकाच, हे कलम काढून दाखवले. पण कॅनडा त्याकडे कसे बघते हे ते तरी कसे सांगणार? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, आम्ही दोन देशांच्या चढलो! ओंटारिओच्या लॉ सोसायटीच्या यादीत नाव पाहून एक वकीलबाई शोधल्या. व्हिडिओवर एक तास, तीनशे डॉलर.

त्यांनी जे सांगितले ते आमच्यापैकी कोणाला सुचले नसते. आपल्याकडे ३२३ ला जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा होती, म्हणून आपण ते किरकोळ धरतो. तिकडे साध्या मारहाणीलाही पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि बाहेरून येणाऱ्यांच्या बाबतीत ते गंभीर बाजूनेच मोजतात. म्हणजे केस लपवणे तर वाईटच, पण नुसते "हो, किरकोळ भांडण होते" लिहून सोडणेही धोक्याचे. फिर्याद, दोषारोपपत्र, तडजोडीचा हुकूम यांच्या नकला आणि तडजोड म्हणजे सुटका हे सांगणारे इथल्या वकिलाचे पत्र, हे सगळे अर्जासोबत जायला हवे. पूर्ण अर्ज तुम्ही भरता का, असे भाच्याने विचारले तर म्हणाल्या, "गरज नाही, बाकीचा तुम्हीच भरा." हे वाक्य ऐकून मला त्यांच्या तीनशे डॉलरचे काही वाटेनासे झाले.

भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तोच नकलेचा अर्ज घेऊन जुन्नरला गेला.

नकला आल्या, मराठीत. त्यांचे इंग्रजी करायला मी पदर खोचून बसणार तोच भाच्याने नियम दाखवला. नात्यातल्या माणसाने केलेले भाषांतर चालत नाही, आणि त्यांच्या यादीत आत्याही आहे! मग पुण्याच्या एका भाषांतरकाराकडे कागद दिले. परवा त्यांचा फोन आला. बाकी सगळे झाले, पण फिर्यादीतले "बांध कोरणे" म्हणजे नेमके काय, हे त्यांना समजेना. पुण्यात वाढलेला माणूस. त्याला सांगितले की बाबा, दरवर्षी नांगरताना वीतभर बांध आपल्याकडे ओढायचा, आणि दहा वर्षांनी विचारायचे, बांध होता कुठे? अर्धा तास गेला. फोनवर सांगायला मनाई आहे असे काही त्या नियमात दिसले नाही.