आठ लाख वर्षांपूर्वीची हवा

चला, आज जाऊ या दक्षिण ध्रुवाकडे! तिथल्या अंटार्क्टिका खंडावर ‘डोम सी’ नावाचं एक ठिकाण आहे. समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर आत. वर्षाचं सरासरी तापमान उणे ५४ अंश सेल्सिअस! नजर जाईल तिकडे पांढरं सपाट मैदान. झाड नाही, झुडूप नाही. हिवाळ्यात तर सुमारे तीन महिने सूर्यच उगवत नाही. तरीही फ्रान्स आणि इटलीच्या ‘कॉन्कॉर्डिया’ केंद्रात तिथे बारा महिने माणसं राहतात. त्यांचं अवजड सामान ट्रॅक्टरांचा तांडा बर्फावरून ओढत नेतो.

तिथे आहे तरी काय? पायाखाली खजिना आहे, बरं का! इथे पडलेलं हिम वितळत नाही. ते पडतं अगदी थोडं. वर्षभराच्या हिमाचं पाणी केलं, तर जेमतेम तीन सेंटीमीटर भरेल. पण थरावर थर साचत जातात. वरच्या वजनाने खालचं हिम दबतं. साधारण शंभर मीटर खोलीवर त्याचा घट्ट बर्फ होतो आणि मधली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. जितकं खोल जावं, तितकी हवा जुनी!

ती वर आणायची कशी? तोंडाला दाते असलेली पोकळ नळी फिरवत खाली सोडायची आणि उसाच्या कांड्यांसारखे बर्फाचे तुकडे काढायचे. युरोपातल्या शास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये हे काम सुरू केलं. पण ७८८ मीटरवर यंत्र असं अडकलं, की निघेचना. मग त्यांनी नवं भोक पाडायला घेतलं! डिसेंबर २००४ मध्ये ते ३,२७० मीटर खोल पोचले. तिथला बर्फ निघाला आठ लाख वर्षांपूर्वीचा. जवळच दुसऱ्या जागी जानेवारी २०२५ मध्ये तर बारा लाख वर्षांपूर्वीचा बर्फ हाती आला.

बर्फातल्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून त्या काळची थंडी कळते, बुडबुड्यांवरून हवा. या आठ लाख वर्षांत पृथ्वी अनेकदा गारठली, अनेकदा उबदार झाली. थंडीच्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी, उबेच्या काळात जास्त. पण हवेच्या दहा लाख भागांत तो ३०० भागांच्या फारसा वर कधीच गेला नव्हता. आज तो ४२० च्याही वर आहे. कारण आपण जाळतो तो कोळसा, पेट्रोल आणि डिझेल.

डोम सीवर हिम अजून पडतंच आहे. आपली आजची हवाही एक दिवस त्यात कोंडली जाईल. पुढे कुणी ती कांडी वर काढली, तर आपल्याबद्दल काय म्हणेल? आई-बाबांशी बोलून बघा.