खाऱ्या वाऱ्याचं घर

किनाऱ्यावरच्या घरात केर काढणं हे सफाईतलं सर्वांत सोपं काम. केर दिसतो, गोळा होतो, पोफळीच्या विरीत भरून माडाच्या बुंध्याशी टाकला की मोकळं होता येतं. ओल तशी हाती लागत नाही. ती कपाटामागे बसते, गाद्यांमध्ये शिरते, काड्यापेटी सादळवते, आणि आपल्याला दिसते तेव्हा तिची बुरशी झालेली असते. मी गुहागरात वाढले, लग्नानंतर काही वर्षं पुण्यात राहिले, मग मुंबईत समुद्रासमोरच्या इमारतीत संसार केला, आणि आता वर्षातले बरेच महिने पुन्हा गुहागरच्या घरी असते. या सगळ्या काळात घर स्वच्छ ठेवणं म्हणजे माझ्यासाठी मुख्यतः ओलीचा माग काढणं.

गुहागरची जुनी घरं रस्त्यापासून समुद्राकडे लांबच लांब पसरलेली. बेडं उघडलं की अंगण, मग पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागीलदार, तिथे विहीर आणि न्हाणी, पुढे माड-पोफळींचं आगर आणि आगरापलीकडे पुळण. लहानपणी हे सगळं आपोआप असंच असतं असं वाटायचं. पण या मांडणीत मोठी अक्कल आहे. पाण्याची सगळी कामं मागीलदारी, आणि घराच्या पोटात माजघर. माजघराच्या चारी बाजूंना दुसऱ्या खोल्या किंवा पडव्या असल्यामुळे त्याच्या भिंतींवर पावसाचा थेंब पडत नाही. म्हणून अंथरुणं, धान्य, लुगडी, दागिन्यांची पेटी सगळं माजघरात. बाहेरच्या भिंतीला टेकून कपड्यांची ट्रंक ठेवलेली आमच्या घरात मी कधी पाहिली नाही.

मृग लागायच्या आत पडवीला झड बांधली जायची. झावळ्यांची विणलेली झापं बांबूला बांधून उघडी बाजू झाकून टाकायची, म्हणजे वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस ओटीपर्यंत पोचत नाही. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत उरकतो. त्यामुळे आगोटीच्या दिवसांत झडीचं काम सर्वांत आधी. त्याच दिवसांत झावळ्यांचे हीरही काढले जायचे. आजी पडवीत पाय पसरून बसायची. माडाचं एकेक पातं डाव्या हातात धरून कोयतीची धार ती मधल्या शिरेलगत फिरवायची. हिरवा भाग दोन्ही बाजूंनी सुटून मांडीवर पडायचा आणि हातात उरायचा लांब, लवचिक हीर. मूठभर हीर झाले की बुडाशी सुंभाचे वेढे घट्ट आवळायचे. असा खराटा ओल्या अंगणात पावसाळाभर चालतो. बाजारचा फुलांचा झाडू मी किनाऱ्यावर पुष्कळ वापरला. श्रावणापर्यंत तो मऊ पडून कुबट होतो.

पावसाळ्यात घरातलं काम आभाळ बघून ठरायचं. उघाड पडली की आजी आतूनच हाक मारायची, "दांडीवरचं काढा गो आधी!" मग सगळ्या खिडक्या उघडायच्या, अंथरुणं ओटीच्या कठड्यावर यायची, माजघराची मागचीपुढची दारं सताड उघडून वारा आरपार जाऊ द्यायचा. ऊन नसलं तरी वारा पुरतो. सर आली की सगळं आत आणि खिडक्या बंद. पुढे वाचनातून मला यामागचं कारण उमगलं. जुलैतली हवा पाण्याने जवळजवळ भरलेली असते, आणि भर पावसात खिडकी उघडी ठेवली तर ती ओल आपण होऊन घरात घेतो. पण घर सदा बंद ठेवलं तर स्वयंपाकाची, न्हाणीची, माणसांच्या श्वासाची वाफ आतच कोंडते. दोन्हींच्या मधली वेळ पकडावी लागते. किनाऱ्यावरच्या घरकामाचं सगळं कौशल्य त्या वेळेत आहे असं माझं ठाम मत आहे, आणि फिनेलच्या बाटल्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

देशावर घर दिवाळीला काढतात, कोकणात गणपतीला. म्हणजे ओल सर्वांत जास्त असताना आम्ही भिंतींना हात घालतो. जळमटं काढायची, भिंती पुसायच्या, पाट आणि मखराची लाकडं राखेने घासून चुलीशी सुकवायची. दिवाळीपूर्वीचं काम वेगळं, ते उन्हाचं. आश्विनातलं कडक ऊन पडलं की गाद्या, उशा, रजया, जरीची लुगडी, पोथ्या, सगळ्यांना ऊन दाखवायचं. गादीतले डोळ्यांना न दिसणारे किडे हवेतल्या ओलाव्यावर जगतात, गादी खणखणीत वाळली की ते मरतात. आजीला या किड्यांचं नावही माहीत नव्हतं, पण गादी दुपारी उलटायला ती विसरायची नाही.

पुण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे शत्रू धूळ होती. मीठ बाटलीतून भुरभुर पडायचं, पापड डब्याबाहेर राहिला तरी कुरकुरीत असायचा, आणि ओला टॉवेल उन्हाळ्यात बघता बघता वाळायचा. मला ते घर इतकं सोपं वाटायचं की संध्याकाळी करायला काही उरायचं नाही.

मुंबईच्या घरात समुद्र समोरच होता आणि खिडकीच्या काचेवर रोज एक दुधी थर यायचा. कोरड्या फडक्याने पुसला की नुसता पसरायचा. त्या थरात मीठ होतं. नुसतं मीठ हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळू लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणून खडेमिठाच्या बरणीला पाझर फुटतो, आणि म्हणूनच समुद्रासमोरच्या घरात खिडकीचा गज, पंख्याचं पातं, फ्रिजचा तळ वर्षभर कधी पुरते कोरडे नसतात. उपाय साधा आहे: आधी गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, मग कोरडं पुसायचं. ग्रिलला मी दर आठवड्याला पाण्याचा हात मारायचे. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढली, न्हाणीघराची फरशी आंघोळीनंतर लगेच वायपरने ओढायची सवय सगळ्यांना लावली, वापरलेले टॉवेल तिथे राहू दिले नाहीत. झोपण्याच्या खोलीतल्या पश्चिमेच्या कोपऱ्यात मात्र दर पावसाळ्यात काळे ठिपके यायचे, आणि मग एका वर्षी छताचा गिलावा पडला.

आत पाहिलं तर लोखंडी सळ्या गंजून फुगलेल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. भारतीय मानक आयएस 456 च्या 2000 सालच्या आवृत्तीत किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटमध्ये सळीवर 45 मिलिमीटरचं आवरण हवं असं म्हटलं आहे. आमच्या छतात ते बोटभरही नव्हतं. बांधणाऱ्याने वाचवलेल्या त्या सिमेंटची किंमत पुढे राहणाऱ्या सगळ्यांनी भरली. ज्या घराच्या हाडांतच मीठ गेलं आहे, ते कुणीही कितीही पुसलं तरी स्वच्छ होत नाही. घर बांधणारे लोक सफाई बायकांच्या हाताची गोष्ट समजतात, याचा मला आजही राग येतो.

गुहागरला परतल्यावर घराचा वास आधी बदललेला जाणवला. माझ्या लहानपणी तिथे धुराचा वास असायचा, आता मागच्या खोल्यांत कुबट ओल होती. चूल जाऊन गॅस आला होता. चूल म्हणजे घराच्या मध्यावर दिवसभर जळणारा कोरडा विस्तव. तिच्या वैलाशी मिठाचं गाडगं, वर माळ्यावर सुपाऱ्या आणि कांद्याच्या माळा, पावसाळ्यात तान्ह्या बाळाची दुपटी शेगडीवर उपडं डालगं घालून वाळवलेली. गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून बाहेर जाताना ओल घेऊन जायची, आणि वाशांवर बसलेल्या काजळीमुळे त्यांना कीड सहसा लागत नसे. चूल विझली आणि थोड्याच वर्षांत फणसाच्या वाशांतून पिवळं पीठ गळायला लागलं.

तरीही चूल परत यावी असं मला वाटत नाही. त्या धुराने आजीचे डोळे कायम लाल असायचे, आणि शेवटची वर्षं ती रात्रभर खोकत बसलेली मी पाहिली आहे. घर कोरडं राहत होतं ते तिच्या फुप्फुसांच्या जिवावर. जुन्या घराचं कौतुक करताना हे कुणी सांगत नाही. आता ते काम धुराशिवाय कसं करायचं, एवढाच प्रश्न आहे.

यंदा भाच्याने घराची दुरुस्ती काढली. "आत्या, माजघराला पीओपीचं छत करू, वरून माती पडणार नाही," तो म्हणाला. मी नको म्हटलं, कारण कौलांच्या फटी बुजल्या तर वाफेने जायचं कुठे? चिऱ्याच्या भिंतींना ऑइलपेंट लावायचंही त्याच्या मनात होतं. चिरा पाणी पितो आणि उघाड पडली की बाहेर टाकतो. वर रंगाचा पापुद्रा चढवला की ते पाणी आत अडकतं आणि पोपडे धरतात. चुन्यातून भिंत श्वास घेते, शिवाय चुन्यावर बुरशी सहजी धरत नाही. बराच वाद झाल्यावर पुष्कळसं जमलं. माजघरावर चार काचेची कौलं, स्वयंपाकघरात धूर-वाफ ओढणारा पंखा, सगळ्या भिंतींना चुना आणि किडलेले वासे बदलायचे. आम्ही नसताना घर बंद राहू नये म्हणून शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिली आहे. उघाड पडेल त्या दिवशी त्या दारं उघडून ठेवतील आणि आगरातले नारळ त्यांनी घ्यायचे. फरशीवर मात्र अजून एकमत नाही. त्याला गुळगुळीत टाइल्स हव्यात, आणि पावसाळी हवेत त्यांवर साठणारा ओलावा मी मुंबईत पुरेसा पुसला आहे. ते मागाहून ठरेल. चुन्याचे हात पाऊस लागायच्या आत सुकायला हवेत, म्हणून गवंड्याला वैशाख लागताच यायला सांगितलं आहे.