एक इयत्ता पुढे

पाद्री गेले आणि गाणं राहिलं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आपला अनुभव उलटा. भजनी मंडळाचे बुवा गेले की चार-दोन वर्षांत पेटी माळ्यावर जाते, तिच्या भात्याला उंदीर लागतात, आणि मग गणपतीत कुणीतरी हळहळतं, ‘बुवा होते तेव्हा काय रंगायचं!’ पण बोलिव्हियाच्या पूर्वेला चिकितोस नावाचा मुलूख आहे. तिथे बुवांना एका फर्मानासरशी हाकलून दिलं, तरी पेटी काही माळ्यावर गेली नाही.

तिथली पेटी म्हणजे व्हायोलिन. १६९१ पासून जेझुइट पाद्र्यांनी त्या भागात वस्त्या वसवल्या. वस्तीत माणसं हजार-दोन हजार, कुठे त्याहूनही जास्त, आणि पाद्री बहुधा दोनच. मार्टिन श्मिड हा स्विस पाद्री १७३० साली तिथे पोचला. त्याने चर्चं उभारली, ऑर्गन बांधले, स्थानिक लाकडातून व्हायोलिनं करवून घेतली आणि पोरांना वाजवायला बसवलं. हे सगळं उदात्त होतं असं मी म्हणणार नाही. घंटेच्या ठोक्यावर उठायचं, घंटेच्या ठोक्यावर गुडघे टेकायचे, आपले देव सोडायचे, अशा शिस्तीचा ते संगीतही एक भाग होतं. पण शिकवण्यापुरतं बोलायचं तर अडचण उघड होती. प्रार्थना, शेती, बांधकाम आणि आजारपणं सांभाळून दोन माणसं इतक्या पोरांच्या बोटांवर लक्ष ठेवणार कशी? तेव्हा ज्याला थोडं आलं त्याने मागच्याला दाखवायचं, ही रीत पडली. चर्चचे संगीतमास्तर तिथल्याच लोकांतून तयार झाले.

१७६७ साली स्पेनच्या राजाने जेझुइटांना आपल्या साऱ्या मुलखातून बाहेर काढलं. सत्तरी ओलांडलेला श्मिडही निघाला आणि १७७२ मध्ये मायदेशी वारला. साठेक वर्षांनी आल्सिद दॉर्बिन्यी हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ त्या गावांतून फिरला, तेव्हा तिथलं वादन ऐकून तो चकित झाला. श्मिडच्या हाताखाली शिकलेलं तेव्हा बहुधा कुणी उरलं नसेल. तो ऐकत होता ती शिष्यांच्या शिष्यांची बोटं होती. पुढे १९७२ पासून हान्स रोथ या वास्तुरचनाकाराच्या देखरेखीखाली त्या चर्चांची डागडुजी सुरू झाली आणि स्वरलिपीची पाच हजारांहून अधिक हस्तलिखित पानं हाती लागली. त्यांत दोमेनिको झिपोलीच्या रचना आहेत. हा इटालियन संगीतकार अर्जेंटिनातल्या कोर्दोबात १७२६ साली वारला. चिकितोसला त्याचे पाय कधी लागले नाहीत. शेजारच्या मोहोस भागात तर गावकरी जुना कागद विरला की नव्यावर नक्कल उतरवत राहिले, थेट विसाव्या शतकापर्यंत.  सांगणारे जेझुइट केव्हाच गेले होते.

आमच्या पेटीच्या क्लासात गुरुजी आतल्या खोलीत मोठ्यांना बंदिशी देत, आणि आम्ही चिल्लीपिल्ली ओसरीवर. आमचे अलंकार घोटवून घ्यायला एक थोरली मुलगी असे. तिची स्वतःची पहिली परीक्षा नुकतीच झालेली. गुरुजींना आमची चूक कळायची. तिला चूक का होते ते कळायचं. अंगठा बोटांखालून कधी सरकवायचा हे ती सांगे, कारण तिचाही अंगठा काही महिन्यांपूर्वी तिथेच अडला होता. गुरुजींना तो अडथळा पार केल्याला इतकी वर्षं झाली होती की अडथळा होता हेच ते विसरले असावेत. चिकितोसबद्दल वाचताना मला ती मुलगी आठवते, आणि वाटतं की विद्या टिकवण्यात अशा अर्ध्या शिकलेल्यांचा वाटा आपण फारच कमी धरतो.

हीच गोष्ट व्हेनेझुएलात एका माणसाने जाणूनबुजून मांडली. होसे अँतोनियो आब्रेऊ हा अर्थशास्त्री आणि संगीतकार. १९७५ साली काराकासमधल्या एका गॅरेजात त्याने मुलांचा वाद्यवृंद जमवायला घेतला. पहिल्या दिवशी अकराच जण आले, असं तो सांगत असे. त्यातून वाढलेली ‘एल सिस्तेमा’ आज लाखो मुलांपर्यंत पोचली आहे, आणि बार्किसिमेतो गावात तिच्यातच घडलेला गुस्ताव्हो दुदामेल २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. ही यशोगाथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्यामागची पद्धत मला जास्त ओढते. जुन्या धाटणीच्या संगीतशाळांत आधी सोल्फेओ, म्हणजे नुसतं स्वर वाचणं आणि ताल मोजणं. वाद्याला हात नंतर. आब्रेऊने क्रम फिरवला. मूल आलं की वृंदात बसवायचं, आणि चार सुरावटी आलेल्याने काहीच न येणाऱ्याला शेजारी घ्यायचं.

वाद्य द्यायच्या आधीची तिथली एक युक्ती तर मला फार आवडते. अगदी लहानांसाठी कागदाचा वाद्यवृंद असतो. आई, बाप आणि मूल मिळून पुठ्ठा कापतात, खळ लावून कागदाचे थर चिकटवतात, रंग देतात आणि व्हायोलिन तयार होतं. ते वाजत नाही. पण ते हनुवटीखाली धरायचं कसं, गज कुठल्या बोटांत तोलायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचं, वाद्य खाली टाकायचं नाही आणि शेजाऱ्याच्या डोळ्यात गज घालायचा नाही, हे सगळं त्यावर शिकून होतं. खऱ्या व्हायोलिनची पाळी येते तेव्हा हात तयार असतो. आणि घरातल्यांनाही एव्हाना कळलेलं असतं की ही वस्तू नाजूक आहे, तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत.

पण एक पायरी पुढचा माणूस दोन पायऱ्या पुढचं दाखवू शकत नाही, हेही खरं. ब्रिटिश अभ्यासक जेफ्री बेकर याने २०१४ साली ‘एल सिस्तेमा’वर एक कडक पुस्तक लिहिलं. तालमींचा अतिरेक, वरून खाली चालणारी हुकमत, नवं काही सुचवायला नसलेली जागा आणि शिकवण्याचं शास्त्र न शिकलेले शिक्षक, असे त्याचे आक्षेप. त्यातल्या शेवटच्या मुद्द्यापाशी मी थांबते. ज्याला ओरडून शिकवलं, तो ओरडूनच शिकवतो. साखळीतून सूर पुढे जातात तशा खोडीही जातात. चुकीचा मनगटाचा कोन जातो, धाकसुद्धा जातो.

मग शिकवायला शिकवायचं कसं? लिमा शहरात दर जानेवारीत, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीत, सुझुकी पद्धतीचा महोत्सव भरतो. लॅटिन अमेरिकेतले शिक्षक तिथे प्रशिक्षणाला येतात. जपानच्या शिनिची सुझुकींचं म्हणणं साधं होतं: मूल मातृभाषा जशी ऐकून, घरच्यांसोबत, रोज बोलून शिकतं, तसंच वाद्य शिकवावं. शिक्षकाची पहिली कसोटी तिथे गप्प बसण्याची. समोर खरा धडा चाललेला असतो: मूल, त्याची आई आणि अनुभवी बाई. प्रशिक्षणार्थी कोपऱ्यात बसून नुसतं पाहतो. पुठ्ठ्यावर मुलाच्या पावलांच्या आकृत्या काढलेल्या असतात. मूल आधी पावलं जुळवून उभं राहतं, वाकतं, मग पवित्रा घेतं. इथेही पहिलं व्हायोलिन कित्येकदा खोक्याचंच असतं. बाईंना एका वेळी दहा चुका दिसतात आणि त्या एकीबद्दलच बोलतात. बाकीच्या नऊ गिळून ठेवायला शिकणं, हेच प्रशिक्षणातलं सर्वात अवघड प्रकरण असणार. आपल्याकडच्या किती मास्तरांना ते साधतं?

खोक्याच्या व्हायोलिनवरून आठवलं: पाराग्वायमध्ये आसुन्सिओनजवळच्या कातेउरा या कचरापट्टीत तेलाच्या पिंपाचा चेलो आणि पत्र्याच्या डब्याचं व्हायोलिन करून मुलं वाजवतात, याचं कौतुक जगभर झालं. कौतुक करताना आपण त्या पिंपाकडेच बघतो. पण वाद्य कचऱ्यातून मिळालं. तिथे शिकवायला उभा राहिलेला फाव्हियो चावेस कचऱ्यात मिळण्यासारखा नव्हता.

आपल्या शेजारी गोव्यातही चर्चमधून संगीत शिकवण्याची रीत एका वेगळ्या वाटेने रुजली. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांमधून मेस्त्र, म्हणजे संगीतमास्तर, पोरांना सोल्फेज (तेच स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवत. त्यांना हवे होते रविवारच्या मिस्सेपुरते वादक. पण ते शिक्षण मुंबईच्या स्टुडिओत येऊन पोचलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले, आणि लक्ष्मी-प्यारेंच्या गाण्यांतले ते व्हायोलिनांचे ताफे आपल्या कानांवर वाढदिवसांपासून वरातींपर्यंत पडत राहिले.

पुन्हा व्हेनेझुएलाकडे येऊ. तिथून गेल्या दहा-बारा वर्षांत सत्तर लाखांहून अधिक माणसं बाहेर पडली. त्यांत ‘एल सिस्तेमा’चे वादक आणि शिक्षकही होते. ज्या वाद्यवृंदाचं सरकार कौतुक करत होतं, त्यातच वाढलेला एक तरुण व्हायोलावादक २०१७ च्या सरकारविरोधी निदर्शनांत मारला गेला, तेव्हा अनेकांचा उरलासुरला भरवसा उडाला. आज लिमा, सांतियागो, ब्वेनोस आइरेस अशा शहरांत ही माणसं रस्त्यांवर वाजवतात, वृंद बांधतात, शिकवण्या घेतात. चिकितोसमध्ये शिक्षक काढले गेले आणि शिष्य राहिले; इथे शिष्यच शिक्षक होऊन निघाले. मागे राहिलेल्या वर्गांत आता कोण कुणाला शिकवत असेल? माझा अंदाज आहे, बारा वर्षांची मुलं आठ वर्षांच्यांना शिकवत असतील, आणि त्यातलं थोडं चुकीचंही असेल.

मूल क्लासला घालताना आपण फी विचारतो, वार विचारतो, परीक्षेला कधी बसवणार ते विचारतो. मला वाटतं, आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. इथे आमच्या पोरापेक्षा एकच इयत्ता पुढची मुलं आहेत का, जी त्याच्या शेजारी बसतील? आणि त्या मुलांना, ती शिकवताना, कुणी बघतं का?