निष्ठावान श्रोत्याला बक्षीस काय द्यायचं?

मंडळी, आपल्या सातारा-सांगलीतही आता पॉडकास्ट करणारी पोरं वाढलीत. चांगलंच आहे. परवा त्यातल्या एकानं विचारलं, "सर, पहिल्या भागापासून जे ऐकतायत त्यांना काय देऊ? टी-शर्ट? का पैसे भरणाऱ्यांना नवा भाग दोन दिवस आधी?"

म्हणलं, याचं उत्तर आपल्याच भागात कधीचं सापडलंय.

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ चं. श्रोता पोस्टकार्ड पाठवायचा, निवेदक त्याचं नाव आणि गाव वाचायचा. बस्स, एवढंच बक्षीस! पण आपल्या गावाचं नाव रेडिओवर आलं की वाडीभर चर्चा. फर्माइशीच्या पत्रांनीच तर झुमरीतलैया देशभर माहीत झालं.

२००८ साली माण तालुक्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' सुरू झाली आणि गोष्ट आणखी पुढं गेली. इथं श्रोत्याचं नुसतं नाव नाही, त्याचा आवाजच रेडिओवर आला. केराबाई सरगर यांचं गाणं माणदेशानं असंच ऐकलं. सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या जालिहाळची 'येरळावाणी' त्याच वाटेवरची. सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या सरकारी धोरणातच लिहिलंय, की किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत.

आता टी-शर्टचं बघा. वाईट काही नाही त्यात. पण 'पैसे भरा, आधी ऐका' म्हणलं की मेंढरामागं फिरताना कानाला फोन लावून ऐकणारा मागं पडतो. खरं तर सगळ्यात नेमानं ऐकणारा तोच असतो.

म्हणून त्या पोराला एकच सांगितलं. पुढच्या वेळी आमदार किंवा कारखान्याचे चेअरमन आले, की पहिला प्रश्न तुझा नको, जुन्या श्रोत्याचा घे. त्याच्याच आवाजात. ऊसबिलाचा असंल, टँकरचा असंल, जसा आहे तसा लाव. कापू नको.

पोरगं जरा गप झालं. मग म्हणालं, "सर, पाहुणा चिडंल. जाहिरात पण जाईल."

जाईल बी. पण जाहिरातदार दुसरा मिळतो. आपला प्रश्न इथं विचारला जात नाही, हे एकदा कळलं की श्रोता भांडत बसत नाही. गुपचूप दुसरं काहीतरी लावतो.

तुम्ही सांगा, पहिला प्रश्न तुमचा असता, तर कुणाला आणि काय विचारलं असतं?