कर्नाळ्याचा अंगठा

मुलांनो, पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने एसटीने कधी गेला आहात का? डोंगराच्या माथ्यावर आभाळाकडे रोखलेला दगडी अंगठा दिसतो ना, तोच कर्नाळा किल्ला! पहिल्यांदाच गड चढणाऱ्यांना हा चांगला. जोगेश्वरीहून हार्बर मार्गाने पनवेल गाठायचं आणि पुढे एसटीने साधारण 12 किलोमीटरवर, पक्षी अभयारण्याच्या फाटकाशी उतरायचं. वाटेत शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 1845 साली इथलाच.

तयारी मात्र घरापासूनच सुरू करायची. आधीचे पंधरा दिवस दप्तर पाठीवर घेऊन स्टेशनचा पूल रोज दोन-तीनदा चढा-उतरा. नवे कोरे बूट घालून गडावर जाऊ नका, पाय चावतात. तळव्याला खाचा असलेले, सवयीचे बूट बरे. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर टोपी. पिशवीत प्रत्येकी दोन लिटर पाणी, पोळीभाजी, गूळ-शेंगदाणे, बॅटरी, शिट्टी आणि मलमपट्टीचं सामान. सोबत वाट माहीत असलेलं मोठं माणूस हवंच. घरी परतायची वेळ सांगून निघायचं.

चढ दीड-दोन तासांचा, दाट रानातून. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा, म्हणजे कुणी मागे राहत नाही. गप्प चाललात तर भृंगराज दिसेल. शेपटीची दोन लांब पिसं मिरवत तो इतर पक्ष्यांच्या नकला करतो!

माथ्यावर सुळक्याच्या पायथ्याशी कातळात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. जोगेश्वरीची लेणी पाहिलेल्यांना ती ओळखीची वाटतील. हा गड शिवाजी महाराजांनी 1657 साली घेतला, 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांना द्यावा लागला आणि 1670 मध्ये पुन्हा स्वराज्यात आला.

आता सर्वांत महत्त्वाचं. त्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठमोठी पोळी असतात. तिथे आरडाओरडा, दगड मारणं, धूर करणं, अगदी अत्तर लावून जाणंसुद्धा टाळायचं. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, त्या जास्त चिडतात. डोकं-तोंड कापडाने झाका आणि कड्याचं भान ठेवून आल्या वाटेने लगेच मागे फिरा. अडचण आली तर 112 नंबर फिरवा. रेंज नसेल तर थोड्या थोड्या वेळाने तीन-तीन शिट्ट्या द्या.

आणखी एक. सकाळी आठला चढायला लागा आणि बारा वाजले की, असाल तिथून उतरायला लागा. माथा शंभर पावलांवर राहिला असला तरी! उतरताना पाय थकलेले असतात, घसरायला तेव्हाच होतं. शिवाय रानात अंधार लवकर पडतो. अशा वेळी कुणी "भित्रा" म्हणालं तर खुशाल म्हणू द्या. गड शेकडो वर्षं तिथेच आहे, पुढच्या रविवारीही असेल.

पावसाळ्यात दगड निसरडे, उन्हाळ्यात घशाला कोरड. म्हणून डिसेंबर-जानेवारीच उत्तम. मग, आई-बाबांना आजच विचारताय ना? आणि हो, स्टेशनचा पूल विसरू नका!