अदलाबदल

परवा रात्री ग्वाल्हेरजवळच्या मुरार गावातल्या आमच्या घरी पाऊस कोसळत असूनही वीज टिकली, आणि व्हर्दीचा ‘डॉन कार्लो’ एकदाचा पाहून झाला. फाँतेनब्लोचं जंगल, कडाक्याची थंडी. फ्रान्सची राजकन्या एलिझाबेथ आणि स्पेनचा युवराज कार्लो यांची नुकती कुठे मनं जुळलेली. तेवढ्यात निरोप येतो: तहात राजकन्या युवराजाला नव्हे, त्याच्या बापाला, राजा फिलिपला, द्यायची ठरली आहे. लढाईने गांजलेली रयत तिच्यापुढे हात जोडते. होकार दे बाई, म्हणजे युद्ध थांबेल. ती ‘हो’ म्हणते. म्हणते कसली, पुटपुटते. एवढा थोरला वाद्यमेळ, पण खेळातला सगळ्यात जड शब्द तो हाच.

हा ऑपेरा 1867 साली पॅरिसमध्ये फ्रेंचमधून झाला. 1884 साली मिलानसाठी व्हर्दीने तो आटोपशीर केला, तेव्हा जंगलाचा हा अख्खा अंक गळला. राजा फिलिपचं रडगाणं मात्र राहिलं: पहाटेची वेळ, विझत आलेल्या मेणबत्त्या, चेलोचे हुंदके, आणि हिने माझ्यावर कधी प्रेमच केलं नाही म्हणून कण्हणारा एकटा राजा. ते ऐकून कोणालाही गलबलेल. पण सौदा कसा झाला, हेच न दाखवता सौदा करणाऱ्याची कीव करायची? 1886 साली मोदेनाच्या प्रयोगात तो अंक परत आला.

1886 म्हटलं की आम्हा मुरारकरांचे कान टवकारतात. जून 1858 मध्ये इंग्रजांनी मुरार घेतलं आणि लगोलग राणी लक्ष्मीबाई इथून जवळच पडल्या. झाशी द्यायची नाही, या एका हट्टापायी. पुढे 1861 साली इंग्रजांनी झाशी शिंद्यांना दिली. 1886 साली ती परत घेतली आणि बदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला नि मुरारची छावणी देऊन टाकली. जिच्यासाठी राणी मेली ते गाव एका पारड्यात, जिथे मेली तो मुलूख दुसऱ्यात. ना झाशीला कोणी विचारलं, ना मुरारला. एलिझाबेथला निदान पुटपुटण्यापुरतं तरी विचारलं होतं.

आपल्याकडचा असा खेळ म्हणजे किर्लोस्करांचं 1882 सालचं ‘सौभद्र’. बलरामाने बहीण दुर्योधनाला देऊ केलेली, तिचं मन अर्जुनावर. कृष्ण सगळं जुळवून आणतो, तरी सुभद्रा अर्जुनापर्यंत पोचते ती झोपेत, घटोत्कचाने उचलून नेलेली. म्हणजे मनासारखं झालं तेव्हाही तिला विचारलं नाहीच.

लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाड्यात गणपतीत ‘सौभद्र’ बसवलं होतं. पडद्याची दोरी माझ्या हाती. आमचे घटोत्कच अंगाने किडकिडीत, सुभद्राबाई चांगल्या खात्यापित्या घरच्या. दोनदा हात घातला, दोनदा कंबर धरली. पेटीवाल्याने तीच सुरावट तिसऱ्यांदा घोळवली.

“राहू द्या हो, भाऊजी,” सुभद्रा डोळे मिटूनच कुजबुजली, उठली, पदर सावरला आणि राक्षसाच्या पुढे होऊन विंगेत चालती झाली.

वाडा हसून लोटपोट झाला. मीही हसलो, आणि दोरी ओढायची राहिली. परवा एलिझाबेथचा तो ‘हो’ ऐकताना ती डोळे मिटून चालणारी सुभद्रा आठवली. सगळ्या तहनाम्यांत तेवढी एकच आपल्या पायांनी गेलेली.